खडू पडला तेव्हा

दादाने तिला बाहेरच्या खोलीपाशी अडवलं नाही, तेव्हाच ती काय ते समजली.

एरवी असं कधी झालं नव्हतं. फाटक उघडलं की उजव्या हाताला ती एका दाराची खोली. आधी तिथे जायचं. अंगावरचं सगळं काढून झाकणाच्या पिंपात टाकायचं, बंबातल्या कढत पाण्याने डोक्यावरून अंघोळ करायची, नखं ब्रशने घासायची, खुंटीवरचे घरचे कपडे घालायचे आणि मग अंगण ओलांडायचं. तेही घरापर्यंतच. घराच्या मागची रेशमाची शेड तिच्यासाठी नव्हती. बुरशी वाढवणारी बाई रेशमाच्या अळ्यांजवळ जात नाही. हा नियम तिनेच घालून दिला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी. घराने तो इतका मनावर घेतला की पुढे पुढे आईसुद्धा तिच्याशी हातभर अंतर ठेवून बोलू लागली. आईचा दिवस शेडमध्ये उगवायचा आणि शेडमध्येच मावळायचा. लेकीला जवळ घेतलं तर अळ्यांना पारखं व्हायचं. आणि अळ्यांना भूक थोपवता येत नाही. लेक काय, मोठी झालेली.

"चल आत," दादा म्हणाला. "आता कशाची अंघोळ?"

"सगळ्याच गेल्या?"

"सगळ्याच."

ती प्रवासाच्या कपड्यांतच निघाली. पायांना ते पटेना. अंगणाच्या मध्यावर ती थबकली, कारण तिथे यायचा तो आवाज आला नाही.

हजारो अळ्या एकदम पान खातात तेव्हा कागदावर कुणी बारीक वाळू ओतत बसल्यासारखा आवाज होतो. सरसर, सरसर, न थांबता. या घरातली सगळी लेकरं त्या आवाजावर झोपली आणि त्या आवाजावर उठली. परगावी शिकायला गेली तेव्हा पहिले कित्येक दिवस तिला झोप नव्हती. शेवटी उशाशी वर्तमानपत्र चुरगाळत पडायची तेव्हा डोळा लागायचा. आज अंगणात फक्त आभाळ होतं, खाली आलेलं, आठवडाभर ऊन न पाहिलेलं. आणि शेडच्या बंद दाराआडून एक बारीक गळा, आईचा.

*खा गं बाई पान, पानावर दव फार
तुझ्या पोटी धागा, माझ्या दारी संसार*

"कुणासाठी गातेय ती?" तिने विचारलं.

चपला काढता काढता दादा एवढंच म्हणाला, "पानंही घालतेय. सकाळपासून तीन पाट्या नेल्या. मेलेल्यांवर ताजी पानं पसरते, आणि म्हणते, ऐका, खातायत."

*

स्वयंपाकघरात काका आधीच येऊन बसले होते. बाबांचे धाकटे भाऊ. बाजारपेठेत त्यांचं फवारणीच्या औषधांचं दुकान होतं; ते बंद करून आता ते दुसऱ्यांच्या घरी चहा पीत असत आणि जुन्या औषधांचे गोडवे गात असत.

"या, बुरशीबाई," ते म्हणाले. "लवकर आलात. मयताला नातलग इतके लवकर येत नाहीत."

"काका, पुरे," वहिनी म्हणाली. तिने कप खाली ठेवला तो बशीत न ठेवता टेबलावर ठेवला.

टेबलावर कापडाने झाकलेला एक ट्रे होता. दादाने कापड उचललं.

अळ्या पानांवर होत्या तशाच होत्या. पण पांढऱ्या. दुधासारख्या नाहीत, पिठासारख्याही नाहीत. शाळेतल्या फळ्याच्या खडूसारख्या, कोरड्या आणि कडक. या घरात त्या रोगाला दुसरं नाव नव्हतं, खडू पडला म्हणत. मरता मरता प्रत्येक अळीने मान वर उचलली होती आणि ती मान तशीच राहिली होती. ट्रेभर वर पाहणारी पांढरी डोकी. छताकडून कुणी हाक मारली होती आणि सगळ्यांनी एकदमच ऐकली होती.

काकांनी एक उचलून टेबलावर आपटली. टक्. बटण वाजावं तशी वाजली.

"माझी औषधं मारायची तर उघड मारायची," ते म्हणाले. "वास यायचा, डोळे झोंबायचे, माणसाला कळायचं की बाबा इथे मरण आहे. तुझ्या औषधाला ना रंग ना वास. आणि वर म्हणायचं, सुरक्षित."

"माणसाला सुरक्षित, काका. तेच म्हटलंय मी कायम."

"अळ्या माणसंच आहेत या घरात," दादा म्हणाला. मग ट्रे तिच्याकडे सरकवला. "तुझीच आहे ना ही?"

"बुरशी आहे. कुठली ते बघावं लागेल."

"कुठली म्हणजे? कुंपणापलीकडे शेजारी महिनाभर तुझं नवं औषध मारतोय. तूच पाठवून दिलंस त्याला, तपासणीसाठी म्हणून. मी म्हटलं होतं, आमच्या उशाशी नको. तू म्हणालीस, दादा, ही ओळखते. ही बुरशी रेशमाच्या अळीला ओळखते आणि सोडून देते. हेच शब्द होते तुझे."

"हेच होते."

"मग हिने ओळखलं नाही वाटतं."

तिच्याकडे बोलण्यासारखं बरंच होतं, पण या टेबलाभोवती ते प्रत्येकाला पाठ होतं, आणि ज्याच्या त्याच्या चालीत. तिची चाल आजी गोष्ट सांगायची तशी, कडी कडीला जोडलेली. तिच्या लहानपणी खडू पडला म्हणून रेशीम गेलं. रेशीम गेलं म्हणून बाबा दुसऱ्यांच्या शेतात फवारायला गेले. फवारायला गेले म्हणून त्यांचे हात कापू लागले. हात कापू लागले आणि मग एका दुपारी ते बांधावर बसले ते उठलेच नाहीत, पाठीवरचा पंप पाठीवरच. लेकीने त्या खडू झालेल्या अळ्यांतली एक काडेपेटीत घालून ठेवली होती. मोठी झाल्यावर तिने तीच बुरशी काचेच्या बशीत वाढवली. जी बुरशी अळीला मारते ती पिकावरच्या किडीलाही मारेल, आणि फवारणाऱ्याचे हात कापणार नाहीत. तसंच झालं. लांबलांबच्या शेतांत आता लोक तिचं औषध उघड्या हाताने कालवत होते आणि संध्याकाळी त्याच हाताने लेकरांना भरवत होते. फक्त रेशीमघरांच्या आसपास त्याला बंदी होती, तिनेच मागून घेतलेली. तेवढ्या पट्ट्यात जुनी विषंच चालू राहिली. जिथे बाबा गेले, नेमक्या तिथेच. नवी बुरशी शोधण्यात तिचे केस पिकले होते, लग्न राहून गेलं होतं ते गेलंच होतं, आणि येत्या आठवड्यात तिला मंजुरी मिळायची होती.

"दादा," ती म्हणाली, "ही नवी निघाली, तर मी आजच फोन करते. मंजुरी नको म्हणून सांगते. शेजाऱ्याकडचं सगळं जाळते. पुन्हा या विषयाचं नाव घेणार नाही."

"आणि करशील काय मग?" काकांनी विचारलं. या वेळी आवाजात टोमणा नव्हता.

"काही नाही. म्हातारी होईन."

*

वहिनी ओट्याला पाठ टेकून उभी होती. आपण बोललो नाही तरी चालेल असं तिला क्षणभर वाटलं. मग वन्संचा चेहरा दिसला. डॉक्टर आत गेलेला असताना दाराबाहेर बसतात त्या माणसांचा असतो तसा.

"कुंपणाकडच्या रांगेची पानं मी घातली होती," वहिनी म्हणाली.

दादाची मान वळली.

"अहो, असं बघू नका. पानं कमी पडली होती. सगळीकडे ओल, पानं पिवळी. तिथली तेवढी हिरवीगार. तुम्ही नको म्हणाला होतात, माहीत आहे मला. आठवडाभर मी तिथलीच तोडत होते. पुसून घेतली एकेक, पदराने."

"पदराने!" दादा म्हणाला. "पदराने पुसली म्हणे. अगं त्या पानांवर तिची—"

"माहीत आहे, कळलं! ओरडायचं तर माझ्यावर ओरडा. वन्संना काय बोलता मघापासून? त्यांनी औषध कुंपणाच्या पलीकडे ठेवलं होतं. अलीकडे मी आणलं."

काका चहाच्या तळाशी उरलेल्या साखरेकडे पाहत म्हणाले, "झालं तर. ठरलं. आता भांडून अळ्या उठायच्या नाहीत. आजच शेड पेटवा, म्हणजे पुढच्या वेळेला तरी जागा स्वच्छ."

"ठरलं नाही," ती म्हणाली. "एक ताजी मेलेली हवी. अजून पांढरी न पडलेली."

दादाने ट्रेमधून शोधून एक दिली. मऊ होती अजून, थंड, केळीच्या सालीसारखी. ती खिडकीपाशी गेली. भाजी चिरायची सुरी वहिनीने न मागता पुढे केली.

"नवी बुरशी आतून गुलाबी करते," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण कुणाकडेही न पाहता म्हणाली. "आधी गुलाबी, मग पांढरी. जुनी गुलाबी करत नाही. चिरली की कळेल. यात दुमत व्हायला जागा नाही."

शेडमधलं गाणं थांबलं होतं. दादा तिच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. लहानपणी ती अंधाराला भ्यायची तेव्हा तो असाच मागे उभा राहायचा, आणि तोच पाठीमागून भिववायचाही.

तिने चिरली.

आतून पांढरी होती. चुन्यात बुडवलेल्या कापसासारखी. गुलाबी कुठे नाही, कडेलाही नाही. तिने दुसरी मागितली, तिसरी चिरली. वहिनीने स्वतः पाहून एक निवडून दिली, तीही चिरली. पांढरी.

आनंद तिच्या छातीत उडी मारून उठला. तिने तो दाबला, पण तोंडावर आलाच असावा.

"हसतेस?" दादा म्हणाला.

"नाही रे."

"माझं सगळं घर खडू होऊन पडलंय आणि तू हसतेस."

"दादा, ती ओळखते. आठवडाभर वहिनीने कुंपणाची पानं घातली, पदराने पुसून घातली, आणि नव्या बुरशीने एकीलाही हात लावला नाही. एकीलाही!" तिचे डोळे भरून आले. "शरम वाटतेय मला. पण खोटं कशाला बोलू?"

दादा स्टूल ओढून बसला. त्याच्या रागाला आता जागा उरली नव्हती, तो हातात नुसता धरून बसला होता. "मग हे कुणी केलं?" त्याने विचारलं. "ही कुठली?"

तिने सुरी खाली ठेवली.

"ही बाबांची," ती म्हणाली. "काडेपेटीतली. जुनी."

*

काका हसले, पण हसणं अर्ध्यात सोडून दिलं.

"बाबांची कशी असेल? ती इथून गेली त्याला जमाना झाला. पुन्हा कशी येईल?"

"तेच म्हणते. ती यायला वाट नाही."

"वाऱ्याने?"

"ऊन लागलं की ती मरते, काका. एवढ्या लांबून उघड्यावरून जिवंत येत नाही. तिला कुणीतरी आणावं लागतं. कपड्यात, केसात, सावलीसावलीने."

"म्हणजे तूच," दादा म्हणाला. पण आता त्यात आरोप नव्हता, भीती होती. "तुझ्याखेरीज तिला हात कोण लावतं?"

"मी मागच्या थंडीनंतर इथे आलेलीच नाही."

तेव्हा वहिनी टेबलाची कड धरून खाली बसली.

"आल्या होतात तुम्ही," ती म्हणाली.

"मी?"

"वन्सं, मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, तुमचं काही काम असेल, चोरून करायचं. गेल्या आठवड्यात दिवेलागणीला मी पानांची पाटी ठेवायला गेले होते. शेडमध्ये तो एकच दिवा. मधल्या रांगेत तुम्ही उभ्या होतात. पाठमोऱ्या. अंगात तुमचा पांढरा कोट. ट्रेवर वाकल्या होतात अशा, आणि काहीतरी पुटपुटत होतात. मी हाक मारली, 'वन्सं?' तुम्ही वळला नाहीत. मी दार लोटून आले." तिने ओठ ओले केले. "मग दुसऱ्या दिवशीही होतात. मग मी दिवेलागणीला जायचं सोडलं."

"अगं, ही तेव्हा दीडदोनशे कोसांवर," काका म्हणाले.

"माझे डोळे फुटलेत का काका? कोट यांचाच होता. त्या खिशाला निळा डाग आहे शाईचा, तोही दिसला मला!"

ती जागच्या जागी उभी होती. आपण जिथे नव्हतो तिथे कुणीतरी आपल्याला पाहिलं, हे ऐकताना आपणच थोडे कमी झाल्यासारखं वाटतं. तिने नकळत आपले हात पाहिले. खिशाला शाईचा डाग असलेला एकच कोट होता. तो कुठे काढला ते तिला आठवत होतं.

मागच्या थंडीत आई तापाने फणफणली होती. फोन आला तेव्हा ती जुन्या बुरशीची भुकटी चाळत होती, तशीच उठून निघाली. दादाने तिला बाहेरच्या खोलीत घातलं. अंघोळ करून ती आईच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. आईने अंथरुणातून हात पुढे केला होता. दादा म्हणाला होता, "आई, शेड आहे." आणि आईने हात पांघरुणात घेतला होता. बस, एवढंच. ती तशीच परतली होती.

"दादा, त्या दिवशी मी कोट पिशवीत बांधून तुला दिला होता. जाळ म्हणून."

"जाळला की."

"तू जाळलास?"

"मी पिशवी बंबापाशी ठेवली. मला पानं तोडायला जायचं होतं. ताप उतरल्यावर आई म्हणाली..." तो थांबला. "आई म्हणाली, तू जा, मी टाकते जाळात."

*

शेडच्या दारात आल्यावर ती थांबली. सवयीने. उंबऱ्याआधी चुना पसरलेला असायचा, पाय त्यात बुडवूनच आत जायचं; आजही पसरलेला होता, आणि त्यावर एकाच माणसाच्या पावलांच्या ताज्या खुणा होत्या, आत जाणाऱ्या. लहान पावलं. नोकरी लागायच्या आधी ती शेवटची या दारातून आत गेली होती.

आत ओलसर गारवा होता आणि बुरशीचा तो वास, जुन्या कपाटाचा, पावाच्या पिठाचा, जो तिच्या साऱ्या आयुष्याला लागला होता. इथे तो पहिल्यांदाच तिच्या आधी पोचला होता. रांगामागून रांगा, ट्रेवर ट्रे, आणि ट्रेट्रेमधून मान वर केलेली ती पांढरी दुनिया. ताज्या हिरव्या पानांच्या दुलईखाली.

मधल्या रांगेत तिने स्वतःला पाहिलं.

पाठमोरी, किंचित वाकलेली, अंगात पांढरा कोट. केस मानेवर बांधलेले. खांदे कोटात बुडाले होते. कोट मोठा होता, बाह्या बोटांवर उतरल्या होत्या. हे मागून पाहताना तिला कळलं की म्हातारपणी आपण मागून अशा दिसू.

"आई," ती म्हणाली.

आईने वळून पाहिलं. भुवयांवर, पापण्यांवर, कानाच्या पाळीवर पांढरी भुकटी बसली होती.

"आलीस? हळू बोल. आत्ता खायला लागल्यात."

"आई, हा कोट..."

"थंडी वाजते गं आठवडाभर. काय गार पडलंय." आईने कोटाची गळपट्टी दोन्ही हातांनी मिटली, कुणी हिसकावून घेईल तशी. "रात्री उशाला घेते, नाहीतर झोप नाही. इथे घालायचा नाही असं ठरवलं होतं मी. ठरवलं होतं. मग एक दिवस अंगात राहिला तसाच, आणि आल्यावर वाटलं, यांनाही कळू दे, यांची थोरली बहीण कशी असते ती. तेव्हापासून पाटीत पानांखाली दडवून आणते."

"तू धुतला नाहीस कधी?"

"धुवायला घेतला होता. बादलीत घातलाही. पण धुतला तर तुझा वास गेला असता."

"तो माझा नाही, आई. औषधाचा वास आहे तो."

"मला नको शिकवू तुझा वास कुठला ते."

दारात दादा उभा होता, त्याच्या मागे वहिनी, आणि अंगणात, यावं की न यावं अशा बेतात, काका. दादाने शेड पेटवायला आणलेली रॉकेलची बाटली हातात धरली होती. त्याला बोलायचं होतं. आई, तू हे काय केलंस, असं. पण त्याला त्या थंडीतला तो हात दिसला, पुढे आलेला आणि पांघरुणात मागे गेलेला.

आईला सगळं कळत होतं. ती वेडी नव्हती. पहिली अळी मान वर करून बसली तेव्हाच तिला कळलं होतं. बाबांच्या वेळची ती मान ती विसरली नव्हती. कोट काढून ठेवायला तिने गळ्याशी हातही नेला होता. पण तोवर उशीर झाला होता, आणि झालेल्या उशिरात एक विलक्षण मोकळीक असते. मग ती पानं घालत राहिली आणि गात राहिली, जुनं गाणं आणि त्याला पुढे जोडलेलं तिचं स्वतःचं एक, जे तिने कधी कुणाला ऐकवलं नव्हतं. आत्ताही तिने ते म्हटलं नाही, नुसतं सांगितलं, निरोप सांगावा तसं.

*लेक आली दारी, तिला दारीच थांबवा
आत माझी बाळं, त्यांना वारा न लागावा*

"असं गात होते मी इतकी वर्षं," ती म्हणाली. "तू गेलीस की गायची. आता बाळं नाहीत, काही नाही. कुणाला वारा लागायचाय?"

ती रांगेतून पुढे आली. हातभर अंतरावर सवयीने थांबली. मग ते हातभरही उरलं नाही.

*

वहिनीला दारातून जे दिसलं ते ती पुढे कित्येक वर्षं कुणाला नीट सांगू शकली नाही.

दोघी मधल्या रांगेत उभ्या होत्या. आईंनी कोटाच्या लांब बाह्यांत लेकीला घेतलं होतं आणि कोटावरची भुकटी उडून दिव्याच्या उजेडात तरंगत होती, हळूहळू दोघींवर उतरत होती. केसांवर, खांद्यांवर. वन्संनी डोळे मिटून मान वर केली होती. आईंची मानही वर होती. दोघी हलत नव्हत्या. भोवती ट्रेट्रेमधून सगळ्या पांढऱ्या माना वर, आणि मध्ये या दोन, आणि कोण कुणासारखं झालं आहे ते वहिनीला समजेना. श्वास चालू आहे का तेही दिसेना. "आई?" तिने हाक मारली. दिवेलागणीला मारली होती तशीच. या वेळीही कुणी वळलं नाही.

आणि तेव्हा आवाज आला.

सरसर. अगदी बारीक. सरसर, सरसर, न थांबता, कागदावर वाळू ओतल्यासारखा.

दादाने तिचा दंड धरला. बाटली त्याने चुन्यात टेकवली. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"ऐकलंस?" तो कुजबुजला. "अगं, खातायत. एखादा ट्रे जगलाय. आई सांगत होती ते खरं होतं. खातायत!"

तो जिथे उभा होता तिथून रांगेचा खांब आडवा येत होता. वहिनीला दिसत होतं. आईंचा म्हातारा, खरखरीत हात वन्संच्या पाठीवरून फिरत होता. मानेपासून खाली, पुन्हा मानेपासून खाली. इतक्या वर्षांचं एकदम फिरत होता, भुकेल्यासारखा. दुसरा आवाज कुठे नव्हता.

"ऐकू येतंय ना तुला?" दादाने पुन्हा विचारलं.

वहिनीने रॉकेलची बाटली उचलून आपल्या पदराआड धरली.

"येतंय," ती म्हणाली. "पेटवायचं उद्या बघू. तुम्ही दार ओढून घ्या. वारा लागेल."